दोन्ही बाजू सारख्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. केस कापणारी. कागद, दोरा, औषधाची पाकिटे यांच्याशी माझा काही संबंध नाही. आजवर दोघांनी मला कागद कापायला उचलले आणि कापण्याआधीच बोलणी खाल्ली. दुकानात आल्यापासून केस सोडून मी एकदाच दुसरे काही कापले. त्याचीच हकिकत सांगायची आहे, पण आधी माझी ओळख करून देते, नाहीतर तुम्ही मला सरसकट वाईट समजाल.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. एकाने माझी पाती घासली, दुसऱ्याने मधला स्क्रू बसवला, तिसऱ्याने कापसाचा पुंजका कापून पाहिला आणि मान डोलावली. मग थोरल्या मालकांनी मला विकत घेतले. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांचे सलून नवे होते. आरसे दोन होते, खुर्ची मात्र एकच. त्यांचा हात इतका हलका होता की गिऱ्हाईक पेपर वाचता वाचता पेंगायचे. केस कापून झाले की ते गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहत, दोन्ही कानांपाशी एकेक बोट टेकवत आणि आरशात बघत.

"दोन्ही बाजू सारख्या झाल्या पाहिजेत," ते आपल्या मुलाला सांगायचे. "माणूस घरी जाऊन तेच बघतो."

मुलाने, म्हणजे आमच्या धाकट्या मालकांनी, हे जरा जास्तच मनावर घेतले. डावीकडे थोडे कमी झाले की ते उजवीकडे थोडे कापत. मग उजवीकडे कमी दिसे, म्हणून पुन्हा डावीकडे. एका बँकेतल्या साहेबांचे कल्ले असे सारखे करता करता कानाच्या वर गेले. साहेब सज्जन होते. दोन आठवडे टोपी घालून हिंडले, पण दुकान बदलले नाही.

पुढे थोरल्या मालकांचा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप बशीवर खडखडू लागला. मग एका गिऱ्हाइकाच्या कानाला माझे टोक लागले. फार नाही, जरासे खरचटले. त्या दिवशी त्यांनी मला पुसले, स्क्रूपाशी तेलाचा थेंब सोडला आणि मुलाच्या हातात दिले. "आता तू धर," एवढेच म्हणाले. मला फार वाईट वाटले. चाळीस वर्षे त्यांच्या अंगठ्याने माझे कडे गुळगुळीत केले होते. त्यात दुसरा अंगठा बसायला वेळ लागला.

त्यानंतर ते दुकानाच्या वरच्या खोलीत बसून राहू लागले. धाकटे मालक मला रोज संध्याकाळी तेलपाण्यासाठी वर आणत आणि सकाळी दुकान उघडताना खाली नेत, म्हणून पुढचे बहुतेक सारे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

थोरल्या मालकांच्या लेकीने घर बदलताना आपला पक्षी त्यांच्याकडे आणून ठेवला. राखाडी अंगाचा, गालांवर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर पिवळा तुरा. "पंधराच दिवस सांभाळा हो बाबा," ती म्हणाली. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. म्हाताऱ्यांनी त्याचे नाव 'पाहुणा' ठेवले आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसू लागले. घरात त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच होता.

त्यांची एकच इच्छा होती. पाहुण्याने आपल्या हातावर येऊन बसावे. पण पिंजऱ्याचे दार उघडले की तो तडक पडद्याच्या दांडीवर जाऊन बसे. एकदा तर फिरत्या पंख्याकडेच निघाला आणि सूनबाईंनी, म्हणजे धाकट्या मालकांच्या बायकोने, हातातली पातेली टाकून बटणाकडे धाव घेतली. म्हातारे बोटांवर दाणे घेऊन हात पुढे करत. हात थरथरे, दाणे सांडत आणि पाहुणा मागे सरके.

"हात हलतो ना, म्हणून येत नाही," एक दिवस ते म्हणाले. त्या दिवशी ते अर्धवट जेवून उठले.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडे पूर्वी पक्षी होते. त्याने सल्ला दिला की पंख थोडे कापा, उडता येईना झाले की आपोआप हातावर बसेल, आठ दिवसांत शिकेल. धाकट्या मालकांनी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कापायचेच असतील तर दोन्हीकडची टोकाची चार-पाच पिसं, बस. त्याला हळू खाली उतरता आलं पाहिजे. नवीन फुटलेल्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, त्याला हात लावू नका. त्यापेक्षा इकडेच घेऊन या ना."

"एवढ्यासाठी कशाला जायचं?" फोन ठेवून धाकटे मालक म्हणाले. "कापण्यातच जन्म गेला माझा."

"त्याला दुखणार नाही ना रे?" म्हाताऱ्यांनी विचारले.

"केस कापताना दुखतं का, बाबा?"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी सूनबाईंनी पाहुण्याला टॉवेलमध्ये धरले. धाकट्या मालकांनी डाव्या पंखाची चार पिसे कापली, मग उजव्याची चार. पिसाचा दांडा केसासारखा नसतो. तो कडक आणि आतून पोकळ असतो, कापताना करकर वाजतो. काम झाले होते. पण धाकट्या मालकांनी दोन्ही पंख पसरून पाहिले आणि मला त्यांची ती नजर ओळखू आली. उजवा पंख जरा लांब वाटत होता. त्यांनी एक पीस कापले. मग डावा लांब वाटला. मग पुन्हा उजवा. "अहो, पुरे आता," सूनबाई म्हणाल्या. "एवढं एकच," असे म्हणत त्यांनी माझी पाती मिटली आणि माझ्यावर रक्ताचा थेंब आला. ते नवे पीस होते. मी त्या वेळी बोथट असते तर किती बरे झाले असते!

सूनबाईंनी तिथे चिमूटभर पीठ दाबून धरले, तेव्हा रक्त थांबले. थोड्या वेळाने पाहुणा पिंजऱ्यावर चढला आणि त्याने नेहमीसारखी पडद्याच्या दांडीकडे झेप घेतली. तो ओल्या फडक्यासारखा सरळ खाली आला, छातीवर आपटला. उठला, खुर्चीवर चढला, पुन्हा उडी मारली आणि पुन्हा आपटला. मग चालत पिंजऱ्यात गेला आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसला. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या होत्या.

तीन दिवस त्याने दाण्याला नीट तोंड लावले नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीच्या जखमेला मलम दिले आणि सांगितले की कापलेले दांडे गळून नवी पिसे यायला पाच-सहा महिने लागतील, तोवर पिंजरा जमिनीजवळ ठेवा, आणि त्याला धरू नका. धाकटे मालक मान खाली घालून ऐकत होते. घरी आल्यावर म्हातारे त्यांना म्हणाले, "चूक माझीपण आहे. सारखं करायला मीच शिकवलं तुला. थांबायचं कुठे, ते सांगायचं राहून गेलं."

सूनबाईंनी पिंजऱ्याशेजारी गादी घातली. म्हातारे गुडघ्यांना शिव्या देत रोज तिच्यावर बसू लागले. आता ते हात पुढे करत नसत. तळवा उघडा ठेवत, त्यावर चार दाणे ठेवत आणि दुसरीकडे बघत दुकानातले जुने किस्से सांगत. साहेबांच्या कल्ल्यांचा किस्सा मी पंचवीस वेळा तरी ऐकला. पहिल्या महिन्यात पाहुणा फक्त सांडलेले दाणे खाई. दुसऱ्या महिन्यात बोटाच्या टोकावरचा दाणा उचलू लागला. आणि एके सकाळी तो चालत चालत थेट तळव्यावर चढला. हात थरथरत होता. पाहुण्याने बोट घट्ट पकडले आणि तोही हाताबरोबर थरथरत निवांत दाणे खात राहिला. हात हलण्याचे त्याला काहीच नव्हते. अंगावर येणाऱ्या हाताची त्याला भीती वाटत होती. हे आम्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

सातव्या महिन्यात तो उडून पुन्हा पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. मी टेबलावर होते. धाकट्या मालकांनी आधी वर पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबा, पंख आले त्याचे. आता?"

"आता काय? पंख्याचं बटण बंद कर," म्हातारे म्हणाले. "खिडकीची जाळी लाव."

धाकट्या मालकांनी दोन्ही केले. म्हाताऱ्यांनी हात मांडीवर उघडा ठेवला आणि दुसरीकडे पाहिले. या वेळी तळव्यावर दाणासुद्धा नव्हता. बराच वेळ काही झाले नाही. मग पाहुणा दांडीवरून उडाला आणि खोलीला एक फेरी मारून त्या थरथरत्या हातावर येऊन बसला.

"आला बघ," म्हातारे म्हणाले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल द्या, वेळच्या वेळी धार लावा, माझी एवढीच अपेक्षा आहे. पण मला उचलण्याआधी एक विचार करा. जे कापायचे ते पुन्हा कधी येणार, आणि तोवर ज्याचे कापले त्याने काय करायचे?

बँकेतल्या साहेबांचे कल्ले आता कानापाशीच थांबतात. त्या दिवशी कापलेले एक पीस थोरल्या मालकांनी माझ्या डबीत ठेवले आहे. रोज सकाळी धाकटे मालक डबी उघडतात, आधी ते पीस अलगद बाजूला ठेवतात आणि मग मला हातात घेतात.