लातूरचा दुसरा रस्ता

लुबना शेख आपल्या कंपनीसाठी जागा बघायला लातूरला येणार, ही बातमी तिच्याआधी गंजगोलाईच्या बाजारात पोचली होती. तिचे वडील खाजामियाँ यांचं तिथं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. गिऱ्हाईक आलं की ते आधी लेकीचं सांगत, मग बॅटरीचं.

"म्हणजे नेमकं काय काढणार हाय कंपनी?" कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे.

"तुमची तूर तुम्ही गोदामात ठेवता का न्हाई? माल तुमचा, गोदाम दुसऱ्याचं. तसंच हाय हे. बँकावाले, दवाखानेवाले, क्लासवाले आपापली कॉम्प्युटरची मशीनं तिथं ठेवणार. थंड हवा, लाइट, राखण समदं कंपनीचं. डेटा सेंटर म्हणतेत त्याला."

दोन हजार चौदा साल होतं. हैदराबादच्या त्या कंपनीला मराठवाड्यात असं एक केंद्र हवं होतं. नावं दोनच उरली होती, नांदेड आणि लातूर. खरं म्हणजे लातूरचं नाव पहिल्याच बैठकीत गळणार होतं. "ते भूकंपवालं गाव ना?" असं म्हणून एकानं त्यावर रेघ मारायला पेन उचललंही होतं. लुबना उभी राहिली. म्हणाली, "भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. त्यानंतर तिथं काय काय उभं राहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही. न बघता खोडू नका."

तिच्या वरिष्ठ उमादेवी मॅडमनी पेन खाली ठेवायला लावलं. बैठक संपल्यावर त्या तिला एवढंच म्हणाल्या, "तू तिकडची आहेस, तूच बघून ये. पण तिकडची म्हणून बघू नकोस."

लातुरात तिची सगळ्यात जास्त वाट बघत होते देविदास सर. भूकंपाच्या वेळी ते औशाकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. शाळा पडली, आई गेली. आईला माती दिल्यावर ते पत्र्याच्या शेडमध्ये मुलं गोळा करून बसले आणि शिकवायला लागले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. पुढं लातूरला आले, भाड्याच्या गच्चीवर फिजिक्सचा क्लास काढला. आता त्यांच्या क्लासच्या तीन इमारती होत्या आणि किनवटपासून परांड्यापर्यंतची पोरं ट्रंका घेऊन त्यांच्याकडं येत होती. लुबना त्यांच्याच हाताखालून नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली होती.

सरांनी क्लासच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, टाळ्या. पहिल्या रांगेत डॉक्टर, बँकेचे संचालक, बाकीचे क्लासवाले. सगळ्यांनी तिथंच सांगितलं, केंद्र लातूरला आलं तर आमची मशीनं तुमच्याकडं.

"बघ," सर म्हणाले, "गिऱ्हाईक तयार हाय, जागा तयार हाय. आता फक्त तुझी सही."

लुबना हसली. "आधी बघते, सर," म्हणाली.

पुढचे काही दिवस ती गावभर फिरली. जमीन चांगली होती, वीज उपकेंद्र जवळ होतं. मग ती इंटरनेटची केबल जिथून शहरात येते त्या मुरुडच्या रस्त्याला गेली. शहरात इंटरनेट आणणाऱ्या दोन कंपन्या होत्या. तिनं जागोजागी केबलीच्या खड्ड्यांवरची झाकणं उघडून घेतली. दर वेळी आत दोन्ही कंपन्यांचे पाइप शेजारीशेजारी, एकाच चरात.

"दुसरा रस्ता कुठं आहे?" तिनं सोबत आलेल्या केबलवाल्या माणसाला विचारलं.

"मॅडम, कंपन्या दोन हायत की. म्हणजे रस्ते दोनच झाले."

"रस्ता एकच आहे हो. इथं कुणी जेसीबी घातला तर दोन्ही तुटतील."

लुबनानं झाकण परत बसवायला सांगितलं आणि बराच वेळ तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहिली. हे सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि त्याचा तिला रागही आला.

नांदेडला तसं नव्हतं. रेल्वेच्या कडेनं एक केबल सिकंदराबादकडं जात होती, दुसरी परभणीकडं. गोदावरीला पूर येतो, पण कंपनीला मिळणारी जागा चांगली उंचावर होती. संशय घ्यायला जागाच उरली नाही.

आपण नांदेडचं नाव देणार, हे घरी येऊन तिनं अब्बांना सांगितलं. आई हसीना ताट वाढता वाढता थांबली. खाजामियाँनी ताट थोडं बाजूला सारलं.

"लोक मला विचारतील, बेटा."

"माहितीय, अब्बा."

"तुला पक्कं वाटतं?"

"हो."

"मग लोकांचं मी बघतो. सरांना मात्र तू सांग. कुणाच्या तोंडून कळू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी ती क्लासवर गेली. सर फळा पुसत होते. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं. "म्हणजे तू पण भूकंपाला भ्यालीस."

"नाही सर. भूकंपाचं मी अहवालात लिहिलंय, पण ते लातूरच्या बाजूनं. इथला गवंडीसुद्धा कॉलमात लोखंड किती घालायचं हे विचारून घालतो, असं लिहिलंय. अडलंय ते केबलीवर. सगळं गाव एका चरावर लटकलंय."

"एवढी बारीक गोष्ट! नंतर करून घेता येईल की. आपल्या गावासाठी थोडं डोळ्याआड करायचं."

"सर, बारावीच्या सरावात मला एका मार्कासाठी तुम्ही नापास केलं होतं. अब्बा विनंती करायला आले होते, तरी."

तिच्याकडं पाठ करून सरांनी पुसलेला फळा पुन्हा पुसला. ती नमस्कार करून निघाली.

'लातूरच्या लेकीनंच लातूर नाकारलं' असं एका स्थानिक पेपरात छापून आलं. दुकानात एक जुनं गिऱ्हाईक तो पेपर नाचवत आलं. "खाजामियाँ, पोरीला शिकवून काय फायदा झाला गावाला?"

खाजामियाँनी त्याच्या गाडीची बॅटरी तपासली आणि शांतपणे म्हणाले, "ही बॅटरी बाद हाय. मी चांगली हाय म्हणलं असतं तर तू आनंदात गेला असतास अन् अहमदपूरच्या घाटात अडकला असतास. पोरगी माझ्याच दुकानात मोठी झालीय." संध्याकाळी मात्र त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

नांदेडचं केंद्र सुरू झालं. देविदास सर नाराज होते, तरी क्लासची मशीनं त्यांनी तिथंच ठेवली. मुलांच्या सराव परीक्षा आता ऑनलाइन होत होत्या आणि दुसरी चांगली जागा जवळपास नव्हती.

वर्षभरानं मोठी सराव परीक्षा होती. मराठवाडाभरातून पोरं बसली होती. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच लातूरच्या तिन्ही इमारतींतले पडदे पांढरे पडले. मुरुडच्या बाजूला रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात चरात गेला होता. दोन्ही कंपन्यांच्या केबली एका फटक्यात तुटल्या. बँकांची कामं थांबली, दवाखान्यांत रिपोर्ट अडकले.

सर हॉलमध्ये उभे होते. समोर पोरं रिकाम्या पडद्याकडं बघत होती. तेवढ्यात देगलूरहून एका पालकाचा फोन आला, तो आभार मानायला. "सर, आमच्याकडं पेपर मस्त चाललाय." परभणी, हिंगोली, उदगीर, सगळीकडं चालू होता, कारण मशीनं नांदेडला होती. बंद फक्त लातूर होतं.

सरांनी लुबनाला फोन लावला. क्लासवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"लुबना, आमचा पेपर राहिलाय. काय करायचं ते सांग."

तिला आधी कळेना, कुठल्या पेपराचं बोलताहेत. मग कळलं, केबलीत लातूर नापास झालं होतं त्या पेपराचं. "सर, चाकूर-अहमदपूरवरून नांदेडपर्यंत केबल न्यायची. मुरुडच्या रस्त्याशी तिचा काही संबंध नको. एवढं झालं की मी स्वतः बघायला येते."

मग देविदास सरांनी जे केलं ते लातुरात अजून सांगितलं जातं. त्यांनी शहरातले सगळे क्लासवाले एका खोलीत बसवले. एरवी हे लोक एकमेकांच्या लग्नालाही जात नसत. डॉक्टरांना बोलावलं, बँकवाल्यांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून केबल टाकणाऱ्या कंपनीला लिहून दिलं, तुम्ही टाका, जोडण्या आम्ही घेतो. परवानग्यांसाठी सर स्वतः गावोगाव फिरले. चाकूरकडच्या एका ग्रामपंचायतीत सरपंच रुक्मिणबाई उठून उभ्या राहिल्या. "सर, माझी लेक राजकन्या तुमच्याकडंच शिकली. आता नर्स हाय. कुठं खांदायचं ते दावा." तसं जवळजवळ प्रत्येक गावात झालं. कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी, कुणी स्वतः.

सोळा सालचा उन्हाळा आला. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येऊ लागलं. लोक घागरी घेऊन रांगेत उभे होते आणि तिकडं रस्त्याच्या कडेला केबलीचं शेवटचं काम चालूच होतं. लुबना आली ती त्याच दिवसांत. अहमदपूरपर्यंतचं एकेक झाकण उघडून बघितलं. या वेळी तिला काही सापडलं नाही. परतताना तिनं उमादेवींना कळवलं: लातूरला दुसरं केंद्र काढावं, मात्र यंत्रं थंड ठेवायला पाणी लागणार नाही अशी रचना हवी. या गावाच्या तोंडचा घोट आपण घ्यायचा नाही.

उमादेवींचं उत्तर एका ओळीचं होतं. "बघितलंस ते पुरेसं आहे."

इमारत उभी राहिली ती जाड कॉलमांची, भूकंपाचा विचार करून बांधलेली. उद्घाटनाला निम्मं गाव लोटलं. फीत कापून झाली. लुबनानं सगळ्यांना एका मोठ्या पडद्यासमोर नेलं. सरांच्या क्लासची परीक्षा त्यावर चालू दिसत होती, दर क्षणाला उत्तरं येत होती. मग तिनं सरांच्या हाताला धरून त्यांना एका कपाटापाशी आणलं.

"सर, ही मुरुडकडून येणारी जोडणी. ओढून काढा."

"आत्ता? पोरांचा पेपर चालू हाय!"

"म्हणूनच."

सरांनी एकदा तिच्याकडं, एकदा पडद्याकडं पाहिलं. त्यांनी हात घातला आणि जोडणी ओढली. पडद्यावर उत्तरं येतच राहिली. चाकूरवरून, अहमदपूरवरून, नांदेडवरून. एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि अख्खा हॉल टाळ्यांनी भरून गेला. सरांच्या हातात ती वायर तशीच होती. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

उमादेवी खाजामियाँशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं तुमच्या गावाला एकदा नाही म्हटलं. वाईट वाटलं असेल."

"लई वाटलं," खाजामियाँ म्हणाले. "पण मॅडम, आज ती हो म्हणाली, तर कुणी म्हणणार न्हाई की घरची म्हणून म्हणाली."

एवढं बोलून ते गर्दीतून वाट काढत पुढं गेले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाहेर, मांडवात चहाला घेऊन गेले.