चौदा मीटरवरचा लाल

माझा दादा चुकीच्या पाइपाशी गेला आणि मेला, असं कागदावर लिहिणार होते. त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबाने चौकशीत तेच तोंड वर करून सांगितलं. वीस वर्षं पाण्याखाली घालवलेला माणूस म्हणे पाइप चुकला! मी टेबलावर हात आपटला तेव्हा साहेब म्हणाला, "आवाज खाली. पुरावा असेल तर आण."

तलावाच्या तळाशी दोन पाइपांची तोंडं आहेत, शेजारी शेजारी. दोन्हींवर जाळी, दोन्हींना झडप, झडपेला लोखंडी दांडा, वर पंपघरातल्या चाकापर्यंत गेलेला. एक दांडा लाल रंगवलेला, दुसरा हिरवा. जाळी गाळाने बुजली की आम्हा दोघा भावांना बोलावणं यायचं. सकाळी दोन्ही झडपा बंद करायच्या. मग मी खाली जाऊन ज्या पाइपाचं काम आहे त्याच्या दांड्याला आमचं कुलूप लावायचो, वर येऊन अंगठा दाखवायचो, आणि दादा ब्रश घेऊन उतरायचा. वर पंपघरात चाकवाला बसलेला. त्याची अक्कल एवढीच की जे चाक फिरत नाही तिथे माणूस आहे, जे फिरतं ते उघडायचं आणि शहराला पाणी सोडायचं; कुठलं चाक लालचं, कुठलं हिरव्याचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. अशीच चालायची ती नोकरी, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या दिवशी काम लालचं होतं. चाकवाल्याने जे चाक फिरलं ते फिरवलं. दादाला जाळीवर ओढून धरलं त्या पाण्याने. चाक बंद करून आम्ही दोरीने त्याला वर काढलं तोवर सगळं संपलं होतं. तो नेमका कुठल्या तोंडाशी होता ते वरून कुणाला कळणार?

साहेब म्हणे, कुलूप लालला होतं, म्हणजे उघडला तो हिरवा, म्हणजे हा हिरव्याशी गेला. मी म्हणत होतो, चाकवाल्याने जोर लावून कुलूप तोडलं आणि हे लोक त्याला पाठीशी घालतायत. कुलूप लालला लागलं होतं याबद्दल मात्र आमच्या दोघांत दुमत नव्हतं. मीच लावलं होतं ना.

वहिनी रडत नव्हती. तिने फक्त दादाचा कॅमेरा कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. "भावजी, हा माणूस घरात रोज चष्मा हरवायचा. डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा. पण पाण्यात कधी चुकला नाही. तेवढं त्या लोकांना दाखवा. बाकी मला काही नको."

चौकशी अधिकाऱ्याने एका डुबकीची परवानगी दिली. साक्षीला होडीत एक कारकून. साहेब काठावर उभा राहून म्हणाला, "फोटोच काढायचेत ना? लग्नाचा अल्बम करत बसू नको."

मी उतरलो.

पाण्याखाली फोटो काढायला मला दादानेच शिकवलं. ऑटोवर ठेवलास तर याद राख, म्हणायचा. अंधार बघून कॅमेरा घाबरतो, शटर लांबवतो, तुझा हात हलतो आणि येतो तो चिखलाचा फोटो. त्यात फ्लॅश समोरून मारलास तर पाण्यातला कण अन् कण चमकतो, जसं काही पीठ उधळलंय. स्वतः ठरव. मागचं पाणी किती उजळ हवं ते शटर सांगेल. समोरची वस्तू फ्लॅश आणि अ‍ॅपर्चर सांगेल. आणि जवळ जा. अजून जवळ. लाजतोस काय, सोयरीक जुळवायचीय का?

चौदा मीटरवर पोचलो. गार पाणी, उजेड हिरवट, दिसत होतं ते जेमतेम दोन हातांवरचं. आधी फ्लॅश बंद ठेवला. आयएसओ चारशे, शटर एकशे पंचविसावा भाग, अ‍ॅपर्चर आठ. काळं आलं. भिंगाचं तोंड मोठं करायला अ‍ॅपर्चर चारवर उघडलं, उजेड जास्त टिपायला आयएसओ सोळाशेवर नेला. आता दोन्ही दांडे आले, पण दोन्ही एकाच रंगाचे, शेवाळी काळपट. यात काय नवल? लाल रंग पाच-सहा मीटरवरच मरायला लागतो. सगळ्यात आधी तोच जातो. पाण्यात कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं. खरा लाल हवा तर उजेड आपला न्यावा लागतो.

म्हणून आयएसओ परत चारशे, अ‍ॅपर्चर आठ. फ्लॅशचा हात कोपरासारखा बाहेर वळवला, कण उजळू नयेत म्हणून. ताकद निम्मी. हातमोज्यावर एक चाचणी घेतली, मोजा पांढराफटक आला, म्हणून पाव केली. मग दांड्यांपासून हातभर अंतरावर आलो, श्वास धरला आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल आला. असा लाल की त्या पाण्यात तो खोटा वाटावा. लालच्या मागची जाळी अर्धी घासलेली, अर्धी गाळाने भरलेली. दादा तिथेच होता. बरोबर जागी.

आणि लाल दांड्यावर कुलूप नव्हतं. आमचं कुलूप शेजारी लटकत होतं, हिरव्याला. धड. तुटलं नव्हतं, फुटलं नव्हतं, मी गुंडाळलेली चिकटपट्टीसुद्धा तशीच.

कुलूप लावायला दोन्ही हात लागतात. त्या दिवशी टॉर्च मी वर दादाकडे ठेवला होता. दांड्यांवरच्या आकड्यांच्या पट्ट्या कधीच्या गळून गेलेल्या. दोन काळपट दांड्यांतला एक मला लाल वाटला, कारण मला तो लाल हवा होता.

मी आणखी अकरा फोटो काढले. एकाही फोटोत कुलूप जागचं हललं नाही.

होडीत कारकुनाने विचारलं, "मिळालं काही?" मी म्हटलं, "पाणी गढूळ आहे." फ्लॅशशिवायचा फोटो दाखवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. बाकीचे पुसायला एक बटण पुरे होतं. अंगठा त्यावर होता माझा, कबूल करतो. पण बाकीचे पुसले असते तर घासलेली जाळीही पुसली गेली असती, आणि दादा कागदावर कायमचा चुकलेला राहिला असता.

वहिनी ओट्याशी भांडी विसळत होती. हात पुसून तिने स्क्रीन जवळ घेतली.

"ही अर्धी घासलेली?"

"दादाने. हा लाल पाइप आहे. तो बरोबर होता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "मी म्हणत नव्हते?" मग तिने फोटो मोठा केला. "हे कुलूप ना तुमचं? हे हिरव्याला कसं? कुणी लावलं?"

"मी."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

"खाली लाल दिसत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"फोटो काढताना माहीत असतं."

"हो."

"आणि कुलूप लावताना?"

मी स्क्रीन बंद केली.

"उद्या हे सगळं तिथे सांगा," ती म्हणाली. "मी समोर बसते."

चौकशीच्या खोलीत फोटो बघितल्यावर साहेब एकदम गोड झाला. माझ्यासाठी खुर्ची ओढली, पाणी मागवलं. "घाईत होतं असं, मनाला लावून घेऊ नको."

"होत नाही," मी म्हणालो, "मी केलं. तेवढं लिहा. आणि आकड्यांच्या पट्ट्या सहा वर्षांपूर्वी गळल्या, दादाने तीनदा अर्ज केला, तुम्ही त्या लावल्या नाहीत, हेही लिहा. चौदा मीटरवर लाल रंग कुठल्या गाढवाने फासला तेही लिहा. चाक फिरतंय का बघून माणूस मारायची पद्धत कुणाची, तीही."

साहेबाने खुर्ची परत ओढली नाही एवढंच.

अधिकाऱ्याने माझं वाक्य भराभर लिहिलं, साहेबाच्या वाट्याची सावकाश. मग वाचून दाखवलं, "मयत नेमून दिलेल्या योग्य जागी काम करत होता."

वहिनी म्हणाली, "हे परत वाचा."

त्याने परत वाचलं. ती उठली, पर्स काखोटीला मारली आणि बाहेर पडली. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. खालच्या पायरीवरून, मान न वळवता, ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

मी तिथेच थांबलो. वर खोलीत कुणीतरी माझ्या सहीसाठी हाक मारत होतं.