सोड्याचे हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांचे गज धरून लोक बाहेर उभे होते. मंचावर एक टेबल, टेबलावर काचेचं मोठं भांडं आणि भांड्यामागे शुभ्रमहाराज. नखशिखांत पांढरे, दात तेवढे पिवळे.

"माणसाच्या जिभेला हाड नसतं," महाराज गरजत होते, "पण जलाला लाच देता येत नाही! हात बुडवा. पुण्यवान असाल तर जल निर्मळ राहील. पापी असाल तर ते रक्ताचे अश्रू ढाळेल!"

पोस्टमनने हात बुडवले. पाणी जसंच्या तसं. मग किराणा दुकानदार पुढे आला. त्याच्या वजनकाट्यावर त्याच्या सख्ख्या भावाचाही भरवसा नव्हता, पण त्याचंही पाणी निर्मळ! लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. दर वेळी महाराज भांडं रिकामं करत आणि आपल्या सुरईतून नवं पाणी ओतत.

मग धाकटी गेली. ती आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या घरात राहायची. सासू तिला 'धाकटी' म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. तिचा नवरा बसचालक. दोन महिन्यांपूर्वी बसचे ब्रेक निकामी झाले आणि त्याचा पाय मांडीत मोडला. तो अजून अंथरुणावरच होता.

तिने हात बुडवले आणि पाणी लालभडक झालं.

"पोरी," महाराजांचा आवाज एकदम मऊ झाला, "संकट आलं त्या दिवशी तुझ्या तोंडून काय गेलं होतं?"

धाकटीने हात भांड्यातून काढले. "भांडण झालं होतं. मी म्हणाले, जा, परत येऊ नका."

असं कुठल्या घरात बोलत नाहीत? पण माइकवर ते वाक्य फार मोठं ऐकू आलं. तिची सासू उठली आणि माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत. तुम्ही हात घाला. जल खरं बोलतं असं तुम्ही म्हणालात तरच मी मानीन."

मी ताठ मानेने मंचावर गेले. आता याचं पितळ उघडं पाडते, असंच मनात होतं.

माझंही पाणी लाल झालं.

तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. तीस वर्षं मी हाच रंग मुलांना परीक्षानळीत दाखवत आले होते. पण त्या क्षणी मला प्रयोगशाळा आठवलीच नाही. आठवली दवाखान्यातली खाट. अकरा वर्षांपूर्वी नवरा म्हणाला होता, "आज थांबतेस का?" मी म्हणाले, "पेपर तपासायचे राहिलेत." सकाळी गेले तेव्हा खाट रिकामी होती.

"बाई, जल खोटं बोलतंय का?" महाराजांनी माइक माझ्या तोंडाशी धरला.

"नाही," मी म्हणाले. "खरं आहे."

मग त्यांनी भांड्यात 'शुद्धिचूर्ण' टाकलं, लाल रंग नाहीसा झाला, आणि चूर्णाच्या पुड्यांवर झुंबड उडाली. आम्हा दोघींना धरून त्या दिवशी इमारतीतल्या सातजणींचं पाणी लाल झालं होतं. त्याच संध्याकाळी सासूने धाकटीला भावाकडे पाठवून दिलं. चार वर्षांची नात ठेवून घेतली. जिन्यात ती पोर आईला हाका मारत होती, आणि मी दाराला कडी लावून आत बसले होते.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची काकू रिकामा डबा घेऊन आली. म्हाताऱ्या बापाला उपाशी ठेवते म्हणून सगळ्या इमारतीत तिची ख्याती.

"कपड्यांची पावडर द्या हो थोडी. आणि माझं पाणी पाहिलंत ना? काचेसारखं! लोक उगाच नावं ठेवतात."

निवृत्तीनंतर मी धाकटी आणि काकू धरून इमारतीतल्या सात बायकांना गच्चीवर स्वस्तातली पावडर करायला शिकवलं होतं. साबणाच्या वड्या किसायच्या, त्यात धुण्याचा सोडा आणि थोडं मीठ कालवायचं, डबे भरायचे. मी तिचा डबा भरता भरता सहज विचारलं, "सभेच्या दिवशी पावडर करायला का नाही आलात?"

"ती उडाली की मला शिंका येतात. तुम्ही सातजणी होतात की!"

माझा हात डब्यातच थांबला. सातजणी. पाणी लाल झालं तेही सातजणींचंच. आम्ही गच्चीवरून घाईघाईने हात झटकत तशाच सभागृहात गेलो होतो. नखांत, हातांच्या भेगांत सोडा होता.

पुढच्या सभेला मी साबणाने हात स्वच्छ धुऊन गेले. पाणी निर्मळ राहिलं.

"पश्चात्तापाचा प्रताप!" महाराज म्हणाले.

मी पिशवीतून पावडर ढवळायचा लाकडी कालथा काढला आणि भांड्यात घातला. पाणी लालभडक!

"महाराज, याने कोणाचं वाईट चिंतलं?"

मागून कोणीतरी खो खो हसलं. मग मी सगळं सांगितलं. सुरईतल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. सोडा लागला की ते लाल होतं. शुद्धिचूर्ण म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते सोड्याचा जोर मारतं आणि रंग जातो. मी दुकानातून आणलेली पुडी टाकून दाखवली. पाणी स्वच्छ झालं. लोकांनी मंचाकडे पाहिलं तेव्हा महाराज मागच्या दाराने पसार झाले होते.

सासू खाली मान घालून बसली होती. "बाई, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी..."

आम्ही दोघी तशाच धाकटीच्या भावाकडे गेलो. नात बरोबर होती. धाकटीने लेकीला पोटाशी धरलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्याचं कळलं, बाई. पण मी तसं बोलले होते, ते तर खरं ना?"

"बोललीस. पण बोलण्याने ब्रेक निकामी होत नाहीत. ते दुरुस्तीवाचून होतात." मी तिचे हात धरले. "आणि चूक तुझी नाही, माझी. मला माहीत होतं ते मी त्या दिवशी सांगितलं नाही."

ती सासूबरोबर घरी आली. पण अजूनही नवऱ्याशी चढ्या आवाजात बोलायला ती घाबरते, आणि ते पाहिलं की मला माझं माइकवरचं 'खरं आहे' ऐकू येतं.

म्हणून हे लिहिते आहे. महाराजांनी आमचं पाप शोधलं नव्हतं. प्रत्येकाच्या मनात एक दुखरी जागा असते, त्यांनी तिच्यावर फक्त बोट ठेवलं. उद्या कोणी तुमच्यासमोर असं भांडं मांडलं तर आधी विचारा, पाण्यात काय आहे आणि हाताला काय लागलंय? आणि तुम्ही शिकलेले असाल तर तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा. तुमच्या गप्प बसण्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.