चांद्यातला नाद आणि सातवी खुर्ची

“संगीताचा इतिहास एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात संपला,” स्वानंदनं जाहीर केलं. “त्यानंतर जगात जे काही वाजलं, त्याला फार तर आवाज म्हणता येईल.”

इतिहास संपला तेव्हा स्वानंदच्या आईवडिलांचं लग्नही ठरायचं होतं. शिवाय ज्या गॅलरीत उभं राहून त्यानं हे जाहीर केलं, तिथं दोरीवर पियूषचं बनियन वाळत होतं आणि त्याचं पाणी थेंबाथेंबानं इतिहासकाराच्या मानेत पडत होतं.

“मग मी काल उतरवलेल्या पोलिश बँडचं काय?” पियूषनं विचारलं. पियूष म्हणजे त्याचा खोलीतला भागीदार, कंपनीतला सहकारी आणि जगातला एकमेव शिष्य.

“गाणं केवढं आहे?”

“सहा मिनिटं.”

“सहा मिनिटांत कुकर होत नाही, पियूष. त्याला जिंगल म्हणतात.”

“अरे, पण आठव्या सेकंदाला सात मात्रांत जातात ते!”

“जातात, पण परत येतात. परत येणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.”

पियूषनं मान डोलावली आणि पोलिश बँड मनातल्या मनात पुसून टाकला. या महिन्यातला हा चौथा. स्वीडनचा एक, चिलीचा एक आणि जपानचा एक आधीच गेले होते. नवं काहीतरी सापडलं म्हणून तो दर आठवड्याला उड्या मारत येई आणि दर आठवड्याला त्याला खाली बसवलं जाई. बसवून घेण्यातही काही लोकांना सुख असतं.

ही गोष्ट दोन हजार सहाची. हिंजवडीच्या कंपन्या वाढत वाढत शेजारच्या चांदे गावाच्या बांधापर्यंत आल्या होत्या. तिथल्या एकनाथरावांनी शेताचा ओढ्याकडचा तुकडा विकून गावात तीन मजली इमारत बांधली आणि तिच्या खोल्या ‘आयटीवाल्या पोरांना’ भाड्यानं दिल्या. सगळ्यात वरची खोली स्वानंदची. खाटा दोन, खुर्ची एक, पण स्पीकर माणसाच्या छातीएवढे. परभणीहून येताना आईनं दिलेलं गव्हाचं पोतं त्यातल्या डाव्या स्पीकरखाली ठेवलं होतं. त्यानं म्हणे खर्ज घट्ट होतो.

तर स्वानंदचं संगीत म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, ज्यावर नाचता येत नाही असा रॉक. त्यात गाणं वीस मिनिटांचं असतं, मधेच बासरी येते, कुणीतरी राजा मरतो, आणि ऐकणारा बोटांवर मात्रा मोजत आजूबाजूच्यांकडे दयेनं पाहतो. दया हा या संगीताचा अर्धा आनंद. स्वानंदला हा आनंद सापडून पुरती सहा वर्षं झाली होती. त्याआधीच्या त्याच्या कॅसेटी परभणीला माळ्यावर एका ट्रंकेत होत्या. त्यांत काय होतं हे पियूषला माहीत नव्हतं आणि ट्रंकेला कुलूप होतं.

या सगळ्या पसाऱ्यात स्वानंदचा एक बँड होता. त्याचा म्हणजे अगदी सातबाऱ्यावर नाव असल्यासारखा त्याचा. कोबाल्ट पॅरिश. इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणगावातल्या चार पोरांनी त्र्याहत्तर साली ‘सॉल्ट क्लॉक’ नावाची एकच तबकडी काढली आणि मग चौघंही शहाणी होऊन नोकरीला लागली. पियूषनं कंपनीच्या इंटरनेटवरून ती उतरवून सीडीवर घेतली होती. पहिली बाजू म्हणजे एकच गाणं, बावीस मिनिटांचं. आणि त्या गाण्याच्या तळाशी स्वानंदला दोन वर्षांपूर्वी तो नाद सापडला होता.

तो एक सलग, खोल, हूंऽऽ असा स्वर होता. सगळी वाद्यं त्याच्यावर उभी असत आणि अठराव्या मिनिटाच्या आसपास तो अचानक थांबे. त्या थांबण्यातच सगळा अर्थ आहे, असं स्वानंदचं म्हणणं होतं. कधी तो सतराव्या मिनिटाला थांबे, कधी एकोणिसाव्या. एका ध्वनिमुद्रणात असं कसं होईल, असं पियूषनं एकदा विचारलं होतं, आणि त्या दिवशी त्याला भांडी घासावी लागली होती. ऑफिसात हेडफोनवर हा नाद मुळीच ऐकू येत नसे. त्याचंही उत्तर तयार होतं: त्या नादाला खोली लागते, हेडफोनमध्ये तो संकोचतो.

चांद्याला रविवारी सकाळी साडेदहापर्यंत लोडशेडिंग असे. वीज आली की एकनाथराव पहिलं काम बोअरची मोटर लावायचं करत, आणि स्वानंद पहिलं काम अॅम्प्लिफायर लावायचं. मग नांदी म्हणून ‘सॉल्ट क्लॉक’. हा नेम दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. टाकी भरून पाणी भिंतीवरून ओघळलं आणि कुणाच्या तरी ते नजरेस पडलं, की एकनाथराव मोटर बंद करत. इमारतीचं अर्थिंग वायरमननं कसं केलं होतं याची चौकशी कुणी केली नव्हती. वायरमननंही नाही.

स्वानंदनं या नादावर इंग्रजीत चौदा पानांचा निबंध लिहून परदेशी चाहत्यांच्या एका संकेतस्थळावर टाकला. त्यावर तीन प्रतिक्रिया आल्या. एक पेरूमधून, एक स्वतः पियूषची. तिसरी पुण्यातल्या अण्णासाहेबांची.

अण्णासाहेब म्हणजे एरंडवण्यातले जुने श्रोते. त्यांच्याकडे आठशे तबकड्या होत्या, ज्यांना पत्नीनंही पंचवीस वर्षांत हात लावला नव्हता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्या दिवाणखान्यात सात खुर्च्या मांडल्या जात आणि सात माणसं तोंड मिटून ऐकत. नऊ मिनिटांच्या आतलं गाणं तिथं वाजत नसे, खोकणाऱ्याला बाहेर जावं लागे, आणि सीडीवाल्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. त्यांतले एक सभासद नातवंडं सांभाळायला न्यू जर्सीला गेल्यापासून सातवी खुर्ची रिकामी होती. स्वानंदनं त्या खुर्चीसाठी तीनदा पत्र लिहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं. आता फोनच आला.

“चौऱ्याहत्तर साली मी ही तबकडी लंडनच्या फुटपाथवर घेतली,” अण्णासाहेब म्हणाले. “बत्तीस वर्षं ऐकतो आहे. तिच्यात तुमचा हा नाद नाही. म्हणजे एकतर माझी तबकडी खोटी, नाहीतर तुम्ही. रविवारी येतो. ऐकू आला, तर खुर्ची तुमची. नाही आला, तर पुन्हा पत्र पाठवू नका.”

स्वानंदनं चार दिवस धड जेवण केलं नाही. खोली दोनदा झाडली. खालून पाच प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. एकनाथरावांना हात जोडून सांगितलं, “काका, रविवारी फार मोठी माणसं येणार आहेत. लाइट आली तरी तासभर मोटर लावू नका. अंगणात फार घरघर होते. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“आविष्याचा?” एकनाथरावांनी तंबाखू मळायची थांबवली. “पोरगी बगायला येत्यात व्हय?”

“नाही हो काका. गाणं ऐकायला.”

“मंग ऱ्हाऊ द्या की आविष्याचं,” ते म्हणाले. पण कबूल झाले.

रविवारी सव्वादहाला अण्णासाहेब आले. बरोबर दोन सभासद, एक दंतवैद्य आणि एक बँकेतून निवृत्त झालेले. गाडी चालवायला भाची मृण्मयी. तिला या संगीताशी देणंघेणं नव्हतं. मामांचा चष्मा बदलायचा राहिला होता, म्हणून ती आली होती.

अण्णासाहेबांनी गव्हाच्या पोत्याकडे पाहिलं. “हे काय?”

“खर्जासाठी,” स्वानंद म्हणाला.

“हं. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे.”

साडेदहाला पंखा हलला. स्वानंदनं सीडी सरकवली. गाण्याच्या सुरुवातीची घंटा वाजली, ऑर्गन आला, ड्रम सात मात्रांत चालू लागले. दंतवैद्यांचं बोट गुडघ्यावर मोजू लागलं.

एक मिनिट गेलं, तीन गेली. नाद आला नाही.

स्वानंदनं आवाज वाढवला. ऑर्गन मोठा झाला, बासरी मोठी झाली. तळाशी मात्र नुसतं रिकामं होतं, झाडून पुसून ठेवल्यासारखं. त्याला वाटलं आपले कान गेले. मग वाटलं सीडी बदलली गेली. मग पियूषकडे पाहिलं, तर पियूष छताकडे पाहत होता. पाचव्या मिनिटाला अण्णासाहेबांनी एक भुवई उचलली. ती सातवी खुर्ची, त्याच्या कल्पनेत पाठीला वेताची जाळी असलेली, शेवाळी गादीची, स्वानंदच्या डोळ्यांसमोरून हळूहळू न्यू जर्सीकडे सरकू लागली.

तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि एक बोट वर केलं.

“आला,” तो कुजबुजला.

परीक्षा आता गाण्याची नव्हती, कानांची होती. सगळ्यात आधी दंतवैद्य घाबरले. “हो हो,” ते म्हणाले, “खालून येतोय.” बँकवाले मागं कसे राहतील? “मला तर मघापासूनच,” ते म्हणाले, “पण म्हटलं आधी कुणीतरी बोलू दे.” पियूषनं दोन्ही हात छातीवर ठेवले.

राहिले अण्णासाहेब. त्यांच्या गालावर कसलीशी झुंज चालली होती. बत्तीस वर्षं, आठशे तबकड्या, आणि एका भाडेकरूच्या खोलीत दाताच्या डॉक्टरला जे ऐकू येतं ते आपल्याला येऊ नये? त्यांनी चष्मा काढला. जणू त्यानंच कान झाकले होते.

“आहे,” ते शेवटी म्हणाले. “फार बारीक आहे. पण आहे.”

“मामा,” मृण्मयी म्हणाली, “मला तर काहीच येत नाहीये ऐकू.”

“शूऽ! तुझे कान मोबाईलचे आहेत.”

“आणि तुमचे?”

“मृण्मयी, बाहेर गॅलरीत जाऊन बस.”

ती गेली नाही. स्वानंदनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतका तुच्छभाव होता, की आपल्यालाही काही ऐकू येत नाहीये हे तो क्षणभर साफ विसरला. अठराव्या मिनिटाला त्यानं उचललेलं बोट हलकेच खाली आणलं. “थांबला.”

“अहाहा!” बँकवाले म्हणाले. “काय ती शांतता!”

“हिरडीतून कळ गेल्यासारखी,” दंतवैद्य म्हणाले.

गाणं संपलं. स्वानंदनं प्लेअर बंद केला, अॅम्प्लिफायर चालूच राहिला. अण्णासाहेबांनी घसा साफ केला, रुमालानं डोळे पुसले आणि उभे राहिले. “स्वानंदराव, माझ्या तबकडीतही तो असणार. मीच नीट ऐकला नाही. पुढच्या शनिवारी या. सातवी खुर्ची तुमची वाट पाहते आहे.”

तेवढ्यात खालून एकनाथरावांची हाक आली. “ओ सर! झालं का न्हाई तुमचं? आमच्या सूनबाईचं धुनं आडलंय! लावू का मोटर?”

त्या क्षणी स्वानंद अख्ख्या चांद्याला क्षमा करायला तयार होता. गॅलरीत जाऊन त्यानं राजासारखा हात हलवला. “लावा काका, लावा!”

अंगणात खटका पडला.

आणि स्पीकरमधून, दोन्ही स्पीकरमधून, हूंऽऽ असा खोल, सलग, भरीव स्वर निघाला. गव्हाचं पोतं हललं. पंख्याच्या पात्यापर्यंत तो स्वर चढला आणि खोलीत मांडी घालून बसला.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

“मामा,” मृण्मयी म्हणाली, “आता येतोय हं मला ऐकू.” मग तिनं वाकून प्लेअरकडे पाहिलं. “पण हे तर बंद आहे.”

स्वानंदनं तो ओळखला होता. दोन वर्षांचा सोबती. चौदा पानं. पेरू. तो तिथंच गॅलरीच्या दारात उभा राहिला आणि मानेत पियूषच्या बनियनचा एक थेंब पडला. आता अण्णासाहेब बोलतील, रुमाल खिशात घालतील, खुर्ची उचलून नेतील. तो वाट पाहत राहिला.

अण्णासाहेबांनी दंतवैद्यांकडे पाहिलं, दंतवैद्यांनी बँकवाल्यांकडे, बँकवाल्यांनी फरशीकडे. ‘ऐकू आला होता’ असं तिघांनीही शपथेवर म्हटल्याला पुरता अर्धा तासही झाला नव्हता.

“हा वेगळा,” अण्णासाहेब म्हणाले.

“अगदी वेगळा,” बँकवाले म्हणाले. “हा सरळ घरघराट आहे.”

“मघाचा सूक्ष्म होता,” दंतवैद्य म्हणाले. “आतून येत होता.”

“म्हणजे जो ऐकू येतो तो खोटा,” मृण्मयीनं विचारलं, “आणि जो आलाच नाही तो खरा?”

“गाडी काढ,” अण्णासाहेब म्हणाले. आणि स्वानंदकडे न पाहता, “शनिवार. सहा वाजता. सीडी आणू नका.”

खुर्ची मिळाली होती. आपण लिहिलेला नाद खालच्या अंगणात आहे आणि आपल्याला मिळालेली खुर्ची दुसऱ्याच एका नादासाठी आहे, जो कुणीच, अगदी आपणही, कधी ऐकलेला नाही, हे स्वानंदला स्वच्छ कळत होतं. त्यानं नमस्कार केला. “नक्की येतो,” तो म्हणाला, आणि आवाजात मुद्दाम थोडा कंप आणला.

पाहुणे जिन्यावर असतानाच एकनाथराव वर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हात ओले. त्यांनी भिंतीला अंग चोरून थोरामोठ्यांना वाट दिली आणि मग दारात उभं राहून खोलीत घुमणारा तो स्वर कान देऊन ऐकला.

“गानं लई झ्याक लावलंय,” ते म्हणाले. “सर, येक सांगू का? टाकी तुमच्या डोस्क्यावरच हाय. भरून वहायला लागली तरी मला खाली कळत न्हाई, निम्मं पानी वाया जातंय. तुमी समदी कानाची तयार मानसं. तेवढी भरली की वरनं हाळी देत जावा की.”