बाळाचं वजन होईपर्यंत

लेबर रूममध्ये तिला सगळे बडबडी सिस्टर म्हणायचे. कळा सोसणाऱ्या बाईला ती बोलण्यातच अशी गुंतवायची की बाई ओरडता ओरडता हसायची.

त्या सकाळी आलेली बाई शाळेत चित्रकला शिकवायची. पहिलंच बाळंतपण. सोबत फक्त आई. नवरा परगावी कामाला, तो निघाला होता.

“तो येईपर्यंत थांबता नाही का येणार?” कळ ओसरल्यावर बाईंनी विचारलं.

“ते पोटातल्याला विचारा. इथं माझं कोण ऐकतंय!” सिस्टर म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

दुपारी एकच्या सुमाराला मुलगी झाली. रडली चांगली खणखणीत. वार पडली, रक्तस्राव आटोक्यात आहे असं बघून डॉक्टरीणबाई शेजारच्या सिझेरियनला गेल्या.

“सिस्टर, थंडी वाजतेय हो.”

“बाळंतिणीला वाजतेच.” तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून दिलं, बाळाला उचललं आणि कोपऱ्यातल्या काट्याकडे गेली. बाळाला पुसलं, वजन केलं, पायात चिठ्ठी बांधली. पाठमोरी बोलतच होती. “तीन किलोला जराशी कमी. पण नखं बघा, आत्ताच कापायला आलीत!”

उत्तर आलं नाही. डोळा लागला असेल असं वाटून तिने मागे वळून पाहिलं. बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिने पांघरूण खेचून काढलं. खालची गादी रक्ताने भिजून गेली होती.

तिची हाक ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. मग पोटावर दाब, इंजेक्शनं, दोन्ही हातांना सुया, रक्ताच्या पिशव्या. सव्वा तासाने डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले.

“गर्भाशय आवळलंच नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तू मनाला लावून घेऊ नकोस.”

सिस्टरने मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर जाऊन आईला सांगितलं. सिस्टरने तोवर बाईंचं तोंड पुसलं, केस विंचरले, स्वच्छ चादर घातली. आई आत आली, स्टुलावर बसली आणि मुलीच्या कपाळावर हात ठेवून राहिली. किती वेळ तरी.

“शेवटी काही बोलली का हो?”

गोड काहीतरी सांगता आलं असतं. बाळाचं नाव घेतलं, तुमची आठवण काढली. तिच्या ओठांवर आलंही होतं.

“थंडी वाजतेय म्हणाल्या.”

“मग पांघरूण घातलंत ना?”

“घातलं, मावशी.”

“लहानपणापासून सोसायची नाही तिला थंडी.”

“पण मी पांघरूण उचलून बघायला हवं होतं,” सिस्टर म्हणाली. “ मी बाळाचं वजन करायला गेले.”

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मायेनेही नाही.

“हो,” ती म्हणाली. “बघायला हवं होतं.”

आणि तिने बाळ मागून घेतलं.

चार वाजता सिस्टरची ड्यूटी संपली. कपडे बदलून ती बाहेर पडत होती, तोच वॉर्डाच्या दारात एक तरुण धापा टाकत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात बंद पडलेला फोन. त्याला वाटेत कुणी काही कळवू नये, असं सासूनेच बजावलं होतं.

“माझी बायको कुठं आहे? चित्रकला शिकवते ती. झाली का बाळंत? मुलगा की मुलगी?”

“मुलगी,” सिस्टर म्हणाली.

तो हसला. भिंतीला टेकून, डोळे मिटून, मोकळं हसला. त्याचं हसू पुरं होईपर्यंत ती थांबली. मग त्याच्या खांद्यावरची बॅग तिने उतरवून घेतली, त्याला बाकावर बसवलं, त्याच्या शेजारी बसली आणि सांगितलं.