नागलीचे कण

देवराम हवालदार म्हणजे चपलेच्या झिजेवरून माणसाचं गाव सांगणारा गडी. निदान तो स्वतः तरी तसं सांगत असे. सत्त्याण्णव साली गंगापूर रोडच्या एका बंद बंगल्यात घरफोडी झाली. मालकीण साळूबाई लेकीकडे इगतपुरीला गेलेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाकरीचे काळपट कण सापडले आणि स्वारी खूश झाली.

"नागली, साहेब. तुमच्याकडची नाचणी. चोर सुरगाण्याकडचा, तिकडे घरोघरी हीच भाकर. शिदोरी सोडून निवांत जेवलाय."

नवे फौजदार ट्रेनिंगमध्ये वेगळंच शिकून आले होते. "आधी या घरात कोण कसं राहतं ते समजून घेऊ," ते म्हणाले. "चोर कसा असेल ते त्यावरून ठरवू. मालकिणीला येऊ द्या."

घ्या! चोर सोडून म्हातारीची दिनचर्या लिहीत बसायचं. देवराम मनातल्या मनात हसला. शेजारच्या बांधकामावर सुरगाण्याचा बहिरू नावाचा मजूर होता. त्याच्या गाठोड्यात नागलीची भाकर निघाली. झालं, उचलला. दोन दिवस मार खाऊन त्याने कबुली दिली. तोवर एकच विचारत होता, "साहेब, नागली खाणं गुन्हा हाय का?"

तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. ओटा बघून ओशाळली. "निघायच्या गडबडीत पुसायचंच राहिलं बघा. साखर निघालीय ना मला, डॉक्टरांनी नागली खायला सांगितलीय."

देवरामाला कळून चुकलं, कण बाईचेच होते. पण मोठ्या साहेबांनी सकाळीच त्याची पाठ थोपटली होती. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? फौजदारांनी विचारलं, "मालकीण काही बोलल्या?"

"विशेष काही नाही," देवराम म्हणाला.

बहिरूला दीड वर्षाची शिक्षा लागली.

देवराम रिटायर झाला आणि त्यालाही साखर निघाली. बायको, सुवर्णा, डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज नागलीची भाकर वाढू लागली. जेवण झालं की हा बोट ओलं करून एकेक कण टिपायचा.

"अहो, कण कसले वेचता? मी पुसते ना," ती एकदा म्हणाली.

तेव्हा त्याला राहवलं नाही. नऊ वर्षं गिळलेलं सगळं त्याने सांगितलं. माझ्यामुळे गेला तो आत, मी पापी आहे, म्हणाला.

सुवर्णाने ताट उचलून बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, "सुरगाण्याची पहिली एसटी किती वाजता असते?"

"पावणेसातला," देवराम चटकन म्हणाला. कितीदा तरी तो स्टँडवर जाऊन, ती गाडी सुटेपर्यंत उभा राहून, घरी परत आला होता.