काळी जाळी

रीळ निळं होतं. काळ्या रिळांच्या डब्यात वर्षानुवर्षं काळं म्हणून बसलेलं... उजव्या डोळ्याने निळं, उजवा झाकून डावा उघडला की पुन्हा काळं. रफूगाराने ते डब्यात टाकणाऱ्या गाढवाला मनातल्या मनात शिवी हासडली. डबा आपल्याशिवाय कुणी उघडत नाही, हे त्याला नंतर आठवलं.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या आठवड्यात काढला होता. काढणारी डॉक्टरीण म्हणजे सुनेच्या वयाची पोर. प्लॅस्टिकचा डोळा हातात धरून त्याला शिकवायला निघाली - उन्हातले अतिनील किरण डोळ्यातलं भिंग स्वतःच पिऊन घेतं, मागच्या पडद्याला वाचवतं, आणि पिता पिता त्याच्यातली प्रथिनं बिघडतात, गुठळ्या होतात, भिंग पिवळं पडतं, गढुळतं. मग निळा आणि काळा वेगळे कळत नाहीत. उन्हात काम करता का, म्हणे. मग काय ट्यूबलाइटखाली करायचं? जन्मभर तो भर दुपारी दुकानाच्या पायरीवर बसला, कारण रंग उन्हातच खरा दिसतो. दिव्याखाली धागा निवडणाऱ्यांनी खुशाल गोणपाटं शिवावीत... सुनेने किरण अडवणारा काळा चष्मा आणला होता. तोही त्याने हसून परत केला होता.

आणि तो हेडमास्तर! मागच्या महिन्यात निळा कोट घेऊन परत आला, रफू काळं दिसतंय म्हणाला. रफूगार जागचा हललासुद्धा नाही.

"मास्तर, आधी डोळे तपासून घ्या."

रस्त्यावरचे दोघे फिदीफिदी हसले, आणि मास्तर कोट तिथेच टाकून गेला.

आता त्याने तो कोट उन्हात आणला. खिशाखाली, जिथे काहीच दिसता कामा नये तिथे, काळी जाळी - सुबक, टाका न् टाका जिथल्या तिथे, आणि काळी. मास्तरला दिसली, तो बोलला. बाकीच्यांना दिसली असेल आणि त्यांनी मुकाट कपडे उचलले असतील, म्हातारा आहे, जाऊ दे म्हणून... कीव केली असेल. त्याची!

सून चहा घेऊन आली. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊ का, असं विचारत होती.

"हे रफू तुला दिसत होतं?"

तिने कप पायरीवर ठेवला. "बाबा, तुम्हाला सांगायचं कुणी?"

तिला मूर्ख म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. समोरून माणसं जात होती, उसवलेली, ठिगळांची, भडक कपड्यांतली, आणि त्यांतल्या एकाकडेही बघून नाक मुरडायची त्याची छाती होईना.